एमसीबी होता, मग पोराला शॉक कसा बसला?

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव मालाचा जादा भाग घासून काढायचं काम) सुपरवायझर आहे. परवाच्या पावसात हँड ग्राइंडर चालवताना आमच्या एका पोराला शॉक बसला, शेजारच्यानं पळत जाऊन मेन ऑफ केला म्हणून वाचलं. मालक म्हणाले गमबूट घातले नव्हते, त्याचीच चूक, विषय संपला. पण एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारं बटण, का पडला नाही? आणि मी आता काय करू?

उत्तर: दादा, पोरगं वाचलं हे फार बरं झालं, पण विषय संपलेला नाही.

एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर, आणि छातीतनं नुसता ५० मिलिअँपिअर सेकंद-दोन सेकंद गेला तरी हृदय बंद पडू शकतं, मग तो कशाला पडेल? माणूस वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला नाही, अंगातनं जमिनीत गेला, की तो लगेच पडतो. गमबूट पाहिजेतच, पण चूक पोराची म्हटलं की बोर्ड तसाच राहतो आणि उद्या दुसरं कुणीतरी तिथंच उभं असतं.

ग्राइंडर ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला होता तो उघडा. आपल्याकडं टू कोअर वायरवर (आत दोनच तारा, अर्थची नाहीच) थ्री पिन सॉकेट बसवलेले बोर्ड मी कितीतरी बघितलेत, अर्थ पिन नुसती दिसायला. मेटल बॉडीचा ग्राइंडर अशा बोर्डावर लावला आणि आत वायर सोलली की बॉडीतच करंट. दुरुस्तीआधी फोटो काढून ठेवा.

मग पोरांशी बोला, मालक नसताना. आधी कुणाला चिमटा बसलेला का? उद्यमनगरात मी ज्या शॉपमध्ये होतो तिथं एक लेथ तीन आठवडे मुंग्या आणत होतं, आम्ही पायाखाली लाकडी फळी टाकली आणि काम चालू ठेवलं, कुणी लिहून ठेवलं नाही की वायरमनला सांगितलं नाही, आणि एका दुपारी फळी ओली होती. ती दुपार मला अजून आठवते. म्हणून एक वही ठेवा, बारीक झटका बसला तरी तारीख आणि मशीन लिहा, माणसाचं नाव नको, नाहीतर उद्यापासनं कुणी सांगणार नाही.

आणि मालकांना सांगा, विजेच्या अपघातात माणूस जखमी झाला तर विद्युत निरीक्षकांना ४८ तासांत लेखी कळवावं लागतं, २००३ च्या वीज कायद्यात कलम १६१ आहे. कळवलं नसेल तर आजच कळवा.