घरच्या आंबा-कोकम व्यवसायाच्या वेबसाइटसाठी डोमेन आणि होस्टिंग कुठून घ्यावं? डिझायनरच्या एकत्र पॅकेजमध्येच घेतलेलं बरं का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. राजापूरजवळ घरची बाग आहे. हापूस, आमरस आणि कोकम आगळ थेट गिऱ्हाइकाला पाठवता. आणि एका डिझायनरने ‘डोमेन, होस्टिंग, मेल सगळं मिळून पंधरा हजार, पाच वर्षं बघायला नको’ असा दर दिलाय. दर वाईट नाही. वेबसाइट त्यांच्याकडून जरूर करून घ्या. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्यांना घेऊ देऊ नका. ते तुम्ही स्वतः घ्या, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या पैशांनी. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, कुणाचंही असो, उद्या पटलं नाही तर बदलता येतं.

मी चिपळूणला असते. बारा वर्षं झाली, इथल्या दुकानदारांच्या, बागायतदारांच्या, होम-स्टेवाल्यांच्या वेबसाइट करतेय. त्यातला एक प्रसंग सांगते, कारण तो तुमच्याच धंद्यातला आहे.

एका ओळखीच्या बागायतदार काकांची साइट दुसऱ्या कुणीतरी केलेली होती. एप्रिलचा मधला आठवडा. पडवीत पेंढा पसरलेला, बायका डझनाच्या पेट्या भरत होत्या आणि काकांचा फोन सारखा वाजत होता. पुण्याहून, ठाण्याहून एकच प्रश्न, ‘काका, तुमची साइट उघडत नाहीये, या वर्षी आंबा नाही का?’ त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. त्यांच्या पत्त्यावर रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीचं, जाहिरातींचं पान दिसत होतं. डोमेनची मुदत संपली होती. मुदत संपतेय असं सांगणारे सगळे मेल साइट करणाऱ्या मुलाच्या पत्त्यावर गेले होते. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेलेला, नंबर बदललेला. खातं त्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. त्याच्या मामेभावाकरवी त्याला शोधण्यात अकरा दिवस गेले. नूतनीकरणाला लागले बाराशे रुपयांच्या आत. मुलगा भला होता, माफी मागून त्याने लगेच भरले. पण ते अकरा दिवस ऐन हंगामातले होते, आणि त्या डोमेनवरचा ईमेलही तेवढे दिवस बंद होता. ज्यांनी मेलवर ऑर्डर पाठवल्या त्यांना काका उत्तरच देऊ शकले नाहीत.

डोमेन म्हणजे सातबारा आणि होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा, असं मी सगळ्यांना सांगते. गाळा बदलला तरी गिऱ्हाईक पत्ता विचारत येतं, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं असेल तर तुम्ही कुळ. खरं म्हणजे डोमेनसुद्धा भाडेपट्टाच आहे, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचा. पण वेळेवर पैसे भरत राहिलात तर पट्टा तुमच्याकडेच राहतो.

मुदत संपल्यावर काय होतं तेही माहीत असू द्या. डॉट कॉमचं साधारण असं असतं की साइट थोड्याच दिवसांत बंद पडते, पण बहुतेक रजिस्ट्रार पुढचे काही आठवडे नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतात. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो आणि त्यात नेहमीच्या दराच्या कितीतरी पट दंड लागतो. मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर नाव कुणालाही घेता येतं. चांगल्या नावांवर टपून बसलेली माणसं असतात. ती तेच नाव घेऊन तुम्हालाच दामदुप्पट विकायला येतात.

‘ऑटो रिन्यू चालू आहे, मग काळजी कसली’ असं वाटेल. इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी ई-मँडेट, म्हणजे तुम्ही बँकेला आधीच दिलेली परवानगी, लागतं. परदेशी कंपन्यांकडे ही सोय पुष्कळदा नसते. खात्यात ‘ऑटो रिन्यू’ हिरवं दिसतं आणि त्या दिवशी पैसे कापलेच जात नाहीत. म्हणून डोमेन एकदम पाच वर्षांसाठी घ्या आणि मुदतीची तारीख घरातल्या दोन मोबाइलवर महिनाभर आधीच्या आठवणीसह टाका.

होस्टिंगचं मात्र उलट करा, एका वर्षाच्या वर घेऊ नका. जाहिराती तुम्हाला नेमकं याच्या विरुद्ध ढकलतात. डोमेन ‘पहिलं वर्ष ९९ रुपये’ आणि होस्टिंग ‘महिना ६९’, पण तो दर चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच. डॉट कॉमची नोंदवही वेरिसाइन ही कंपनी सांभाळते. रजिस्ट्रारने तिला द्यायचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला, म्हणजे नऊशेच्या आसपास रुपये. मग ९९ मध्ये देणारा तोटा कुठून भरून काढतो? दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणातून आणि गळ्यात मारलेल्या जोडवस्तूंतून. त्यामुळे पहिल्या वर्षाचा दर बघूच नका. नूतनीकरणाचा दर शोधा, तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा.

‘होस्टिंगवर डोमेन फुकट’ ही योजनाही टाळा. होस्टिंग सोडून पैसे परत मागितले की त्या फुकट डोमेनची किंमत कापून घेतात. शिवाय डॉट कॉमसारखं डोमेन घेतल्यापासून पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवलं तर दोन्ही जोडायला नेमसर्व्हर, म्हणजे पत्ता कुठल्या होस्टिंगकडे न्यायचा ते सांगणाऱ्या डोमेनच्या खात्यातल्या नोंदी, बदलावे लागतात, हे दहा मिनिटांचं काम आहे. बदल सगळीकडे पोचायला काही तास, क्वचित दोन दिवस लागतात. त्या बदल्यात होस्टिंगवाल्याशी बिलावरून वाद झाला, खातं गोठलं, तरी नाव तुमच्या हातात राहतं आणि संध्याकाळपर्यंत साइट दुसरीकडे उभी करता येते.

नावाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मराठी नावांत हमखास घोळ होतो. ‘गोडवा’ इंग्रजी अक्षरांत कसं लिहाल? व्ही की डब्ल्यू? ‘ड’नंतर ए घालायचा की नाही? ‘आगळ’ला सुरुवातीला एक ए की दोन? शेवटी एल की झेड? तुम्हाला जे स्पष्ट वाटतं ते बोरिवलीतल्या गिऱ्हाइकाला वाटेलच असं नाही. नाव ठरवण्याआधी पाच नातेवाइकांना फोनवर नुसतं सांगा आणि मेसेजमध्ये लिहून पाठवायला सांगा. पाचांतल्या चारांनी सारखं लिहिलं तर नाव चांगलं. मधली आडवी रेघ आणि आकडे नकोत. हे सगळं करून नाव ठरलं की त्याच दिवशी नोंदवा, आणि त्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर ते नाव कुणाचं नाही ना, एवढं बघा.

डॉट इन की डॉट कॉम? गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर डॉट इन उत्तम आहे. निक्सी ही संस्था ते चालवते आणि २००५ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. आखातात आंबा पाठवायचा विचार असेल तर डॉट कॉमही घेऊन ठेवा आणि दोन्ही एकाच साइटवर वळवा. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळतं. मला ते मनापासून आवडतं, पेटीवर आपल्या लिपीत छापलेलं फार शोभून दिसतं. पण त्याच्यावरचा ईमेल पत्ता अजून अनेक ठिकाणी स्वीकारला जात नाही, म्हणून ते दुसरं नाव म्हणून घ्या, एकमेव नव्हे.

आणि फुकटच्या पत्त्यावर धंदा उभारू नका. गूगलने दुकानांच्या प्रोफाइलवरून फुकट साइट करायची सोय दिली होती, ती मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी पाट्यांवर, पिशव्यांवर तो पत्ता छापला होता त्यांचं ते छापील सगळं वाया गेलं.

आता होस्टिंग. तुमची साइट म्हणजे दहा-पंधरा पानं, फोटो, दर, ऑर्डरचा फॉर्म आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. त्याला साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, पुरतं. ‘व्हीपीएस’, ‘क्लाउड प्रो’ असं काही महागडं कुणी सुचवलं तर तूर्त नको म्हणा. ‘अनलिमिटेड’ला भुलू नका, जागा अमर्याद लिहिलेली असते आणि अटींमध्ये फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते. सर्व्हर मुंबईत मिळतो का ते विचारा. अमेरिकेतल्या सर्व्हरशी एका फेरीला पाव सेकंदाच्या आसपास जातो, आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. पण खरी मंद साइट होते ती फोटोंमुळे. मोबाइलवर काढलेला आंब्याचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो २०० केबीच्या आत आणून मगच चढवा, गावातल्या नेटवरही पान पटकन उघडेल.

एसएसएल प्रमाणपत्राचे (ज्यामुळे ब्राउझर साइट सुरक्षित दाखवतो) वेगळे पैसे कुणी मागत असेल तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं फुकट असतात, आणि चांगला होस्टिंगवाला ती आपोआप नवी करतो. बॅकअप रोज होतो का आणि परत चढवायचे पैसे लागतात का, हे विकत घेण्याआधी विचारा. तो प्रश्न मुद्दाम रविवारी रात्री दहाला चॅटवर विचारा. उत्तर किती वेळात आणि कसं येतं त्यावरून पुढची वर्षं कशी जातील ते कळतं, मी स्वतः असंच निवडते. तरीही महिन्यातून एकदा पूर्ण साइटची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

ईमेल होस्टिंगवरचा वापरू नका. शेअर्ड सर्व्हरवरचे मेल शेजाऱ्याच्या उपद्व्यापांमुळे स्पॅममध्ये जातात. झोहो किंवा गूगलकडे वेगळं खातं घ्या आणि एसपीएफ, डीकिम या नोंदी (मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या) डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नोंदींच्या यादीत, घालून घ्या. डिझायनरला हे अर्ध्या तासात जमतं.

नोंदणी केल्यावर ईमेल पडताळणीचा एक मेल येईल. त्यावर क्लिक केलं नाही तर डॉट कॉम १५ दिवसांनी बंद ठेवलं जातं. ‘तुमचं डोमेन संपतंय, इथे भरा’ किंवा ‘चीनमधली कंपनी तुमचं नाव घेतेय’ असे फसवे मेलही येतील. ते सोडून द्या. जे काय भरायचं ते स्वतःच्या खात्यात शिरूनच.

त्या डिझायनरला नाराज करायची गरज नाही. सांगा, ‘डोमेन मी घेतलंय, तुम्हाला नेमसर्व्हर बदलून देतो, तेवढं वजा करून दर सांगा. आणि होस्टिंगचं खातं माझ्या ईमेलवर उघडा, तुम्हाला आत यायची परवानगी देतो.’ सरळ माणूस लगेच हो म्हणेल.

आणखी एक. डोमेन ज्या तारखेला घ्याल त्याच तारखेला पुढे मुदत संपणार. तुमचा हंगाम मार्च ते मे. तेव्हा आंबा निघाल्यावर घाईत घेऊ नका, पावसाळ्यात घ्या. म्हणजे नूतनीकरण दर वेळी गणपतीच्या आसपास येईल, जेव्हा घरात सगळे असतात आणि पडवी रिकामी असते.