वाचकांची विचारणा : तपासणीचा कागद कोणाच्या हाती जातो?

प्रश्न : पोळ्याच्या आठवड्यात केळीच्या पैशांसाठी सावद्याला गेलो असता रस्त्याच्या कडेला मंडप टाकून मोफत शुगर तपासणी चाललेली दिसली. नाव, गाव, वय, मोबाईल नंबर लिहून दिला, सही केली, बोटाला सुई टोचून घेतली. आकडा २१४ आला. घरी काही बोललो नव्हतो. चौथ्या दिवशी फोन आला तो सुनेने उचलला आणि पलीकडच्या बाईने ‘शुगरवाल्या काकांसाठी तीन महिन्यांचा कोर्स आहे’ असे तिलाच सांगितले. सून विचारू लागली, ‘आप्पा, तुमले शुगर शे का?’ त्यानंतर विम्याचे आणि शुगर मोजण्याच्या यंत्राचेही फोन सुरू झाले. माझी माहिती या लोकांना कोणी दिली? शिबिरात मिळालेली फॉर्मची कार्बन प्रत सोबत जोडली आहे.
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : आपण कार्बन प्रत जपून ठेवलीत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर तिच्यातच आहे. नाव, वय, मोबाईल, ‘कुटुंबात कोणास मधुमेह आहे काय’ हे सारे रकाने मराठीत आहेत. सहीच्या खालची एक ओळ मात्र इंग्रजीत आणि इतक्या बारीक टाइपात आहे की मला ती भिंग घेऊन वाचावी लागली. ‘मी दिलेली माहिती आयोजकांच्या सहयोगी व भागीदार संस्थांना सेवा आणि उत्पादनांबाबत संपर्क करण्यासाठी देण्यास माझी संमती आहे’ असा तिचा अर्थ होतो. म्हणजे माहितीची चोरी झालेली नाही. ती आपल्याच सहीने बाहेर पडली, आणि मोफत तपासणीचा खर्च कोण आणि कशासाठी करतो याचाही उलगडा त्या ओळीत होतो.

रुग्णाच्या माहितीला बाजारात किंमत का आहे, हे आपल्याच उदाहरणावरून पाहू. नुसत्या मोबाईल नंबराला फारसे मोल नसते. परंतु ‘वय ५८, रावेर तालुका, शुगर २१४, अजून औषध सुरू नाही’ एवढे त्या नंबरापुढे लिहिले गेले, की औषध विकणारा, यंत्र विकणारा आणि विमा विकणारा असे तिघेही त्या एका ओळीसाठी पैसे मोजायला तयार होतात. मोबाईलवरील आरोग्याच्या ॲपमध्ये हीच गोष्ट सहीशिवाय होऊ शकते, कारण ॲपच्या पोटात जाहिरात कंपन्यांचे छोटे प्रोग्रॅम बसवलेले असतात आणि आपण कोणते औषध शोधले हे ते परस्पर कळवतात. अमेरिकेत गुडआरएक्स या औषधांच्या सवलतीच्या कंपनीने वापरकर्त्यांची औषधे आणि आजार यांची माहिती फेसबुक व गूगल यांना जाहिरातीसाठी पुरवल्याचा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ठेवला, आणि कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड भरावा लागला. तेथे रुग्णांच्या माहितीसाठी १९९६ पासून स्वतंत्र कायदा आहे, पण तो मुख्यतः रुग्णालये, डॉक्टर आणि विमा कंपन्या यांना लागू होतो; अशी ॲप बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

‘आम्ही नाव काढूनच माहिती पुढे देतो’ हे उत्तरही पुष्कळदा ऐकू येते. मुंबईसारख्या शहरात ते काही अंशी खरे मानता येईल. परंतु सातपुड्याच्या पायथ्याच्या आठशे वस्तीच्या गावातील, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारी चौतीस वर्षांची स्त्री, एवढे वर्णन दिल्यावर नावाची गरज कोणाला उरते?

आता कायद्याचे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये झालेल्या नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना ‘संवेदनशील’ माहिती मानले आहे. अशी माहिती घेताना कंपनीने लेखी संमती घ्यावी, ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, तिसऱ्याला देण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि तक्रार निवारण अधिकारी नेमून एका महिन्यात तक्रार निकाली काढावी, असे हे नियम सांगतात. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले, तरी कंपन्यांवरील मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत दिलेली असल्यामुळे ती २०२७ च्या मे महिन्यापर्यंत लांबली आहेत. नव्या कायद्यात दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, आणि संमतीचा मजकूर मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागणार आहे. आपल्या फॉर्मवरची ती मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी ओळ तेव्हा पुरेशी ठरणार नाही. मात्र आरोग्याच्या माहितीला जुन्या नियमांत असलेला ‘संवेदनशील’ हा वेगळा दर्जा नव्या कायद्यात राहिलेला नाही, आणि मला ही त्यातली मोठी उणीव वाटते.

त्याच कायद्यात दिलेली दोन उदाहरणे आपल्या कामाची आहेत. दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने आपल्या मोबाईलमधील सर्व नंबरांची यादी मागितली आणि आपण ‘हो’ म्हटले, तरी सल्ल्यासाठी त्या यादीची गरज नसल्यामुळे ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाते. दुसरे उदाहरण औषधाच्या दुकानाचे आहे. पावती मोबाईलवर यावी म्हणून ग्राहकाने आपला नंबर दिला, तर दुकानदाराला तो पावती पाठवण्यासाठी वापरता येतो. म्हणून मेडिकलवाल्याने बिल करताना नंबर विचारला, की ‘कशासाठी?’ असे आपणही विचारावे. छापील बिल हवे असेल, तर नंबर दिलाच पाहिजे असे नाही.

आपण आता दोन कामे करावीत. फॉर्मवर ज्या आयोजक संस्थेचे नाव आहे, तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवावे आणि त्यात इतकेच लिहावे : ‘अमुक तारखेच्या शिबिरात मी दिलेली संमती मागे घेत आहे. माझी माहिती कोणकोणत्या संस्थांना दिली त्यांची नावे कळवावीत, आपल्याकडील नोंद पुसावी आणि त्या संस्थांनाही तसे कळवावे.’ दुसरे म्हणजे, १९०९ या क्रमांकावर जाहिरातीचे फोन बंद करण्याची नोंद करावी, आणि त्यानंतरही फोन आल्यास सात दिवसांच्या आत तेथेच तक्रार करावी. राहिला तो २१४ चा आकडा. तो जेवणानंतरचा होता की उपाशीपोटीचा हे फॉर्मवर लिहिलेलेच नाही, तेव्हा ‘कोर्स’ मागवण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त पुन्हा तपासून घ्यावे, आणि सुनेलाही खरे ते सांगून टाकावे.

प्रश्न : मी आश्रमशाळेत शिक्षिका आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीनंतर आमच्या मुलामुलींची नावानिशी यादी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली गेली. त्या ग्रुपमध्ये शक्तिवर्धक पावडर विकणारा एक जण आहे. तो आता त्या घरांच्या दारात जातो आहे, आणि एका मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबली आहेत. आरोग्याचे काम म्हणून आम्ही हे सहन करावे काय?
— एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : मुळीच नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि भिल्ल, पावरा वस्तीच्या आपल्या जिल्ह्याला तिची निकड आहेच. पण तपासणीचा निकाल त्या मुलासाठी आणि त्याच्या पालकांसाठी असतो. तो समुपदेशकाने एकांतात सांगायचा असतो. येथे तर यादीतील वाहक आणि रुग्ण यांतला फरकही गावाला ठाऊक नाही. वाहकाच्या अंगी आजाराचा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला असतो आणि त्याला सहसा काही त्रास नसतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्न ठरवताना ही माहिती मोलाची ठरते, पण ती कोणाला आणि केव्हा सांगायची हे त्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचे असते, पावडर विकणाऱ्याने नव्हे.

२०११ चे नियम व्यापारी व व्यावसायिक संस्थांपुरते असल्याने सरकारी शाळेवर त्यांचा उपयोग होणार नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आहे, आणि तो सरकारी यंत्रणेवर बंधनकारक आहे. ग्रुपचालकाकडून यादी आजच काढून घ्यावी. तत्पूर्वी तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे आणि प्रकल्प अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक या दोघांना लेखी कळवावे. पत्रात मुलांची नावे पुन्हा लिहू नयेत. ‘अमुक दिवशी, अमुक ग्रुपवर, इतक्या मुलांची’ एवढे पुरे. पावडर घेतलेल्या पालकांना भेटून, सिकलसेलवर ती औषध नाही, हे त्यांच्या बोलीत समजावून सांगण्याचे काम आपणच उत्तम करू शकाल.

प्रश्न : दवाखान्यात ‘आभा’ क्रमांक मागतात. तो दिला, की माझे सगळे जुने रिपोर्ट कंपन्यांना दिसतात, असे ऐकतो. खरे काय?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : आभा हा आरोग्याच्या नोंदी एकमेकींशी जोडण्यासाठीचा सरकारी चौदा आकडी क्रमांक ऐच्छिक आहे आणि त्याच्यावाचून उपचार नाकारता येत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांच्या योजनेचे आयुष्मान कार्ड वेगळे, हे वेगळे. या दोहोंची गल्लत फार होते. नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला त्या पाहायच्या असल्यास आपल्या मोबाईलवर विनंती येते, कोणत्या नोंदी व किती दिवसांसाठी ते तिच्यात दिसते, आणि दिलेली परवानगी मागेही घेता येते. तेव्हा काऊंटरवरच्या मुलाच्या हातात मोबाईल देऊन ‘तूच दाब रे’ असे म्हणू नये. विनंती स्वतः वाचावी आणि चष्मा घरी राहिला असेल, तर दुसऱ्या दिवशी दाबली तरी चालते.