मडगावला शिरवड्याला एवढा मोठा सांडपाण्याचा प्लांट आहे, तरी साळ नदी घाण का? प्लांट नदीसाठी करतो तरी काय?

मी गोव्यातल्याच एका प्लांटवर ऑपरेटर आहे (मडगावचा नव्हे). आणि हा प्रश्न आमच्याकडे दर चवथीला निघतो, म्हणून लिहितोय.

काढतात आमचे भावोजी. सगळी मंडळी जेवायला बसलेली असताना मोठ्याने म्हणायचं, सरकारने करोडो घातले, हे लोक दिवसभर पंखे फिरवतात आणि नदी आहे तशीच. एका वर्षी मी आमच्या आउटलेटचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेलो. भावोजी बाटली उजेडात धरून म्हणाले, नळाचं भरून आणलंस. ताई माझ्यावरच चिडली, चवथीच्या दिवशी घरात हे आणतोस? बरं, भावोजींच्या फाटकासमोर सिवरेजचा चेंबर येऊन किती वर्षं झाली, पण कनेक्शन नाही. सेप्टिक टाकी भरली की वरचं पाणी पाइपने मागच्या व्हाळात आणि व्हाळ जातो नदीला. आता ते पाणी माझ्या प्लांटने कुठून साफ करायचं?

प्लांटचं काम तसं सरळ आहे. आधी जाळी (तिथे पॅड, वाइप्स, पिशव्या काय काय अडकतं विचारू नका), मग वाळू काढायची, मग टाकीत घाण खाणारे जंतू वाढवायचे, त्यांना ब्लोअरने हवा द्यायची, हवा बंद करून गाळ (म्हणजे मुख्यतः हेच जंतू) बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी क्लोरीन मारून सोडायचं. पणजीत टोंकाला हीच एसबीआर पद्धत आहे (हवा देणं आणि गाळ बसवणं एकाच टाकीत, आळीपाळीने). आत येताना बीओडी (पाण्यातली घाण खायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला मिलिग्रॅममध्ये) २०० च्या पुढेमागे असतो, नीट चाललं तर बाहेर जाताना १० च्या खाली. आत येणारं पाणी साफ न करता तसंच नदीत गेलं तर तिथले जंतू ती घाण खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात. प्लांट वाचवतो तो हा ऑक्सिजन.

मी शिफ्टला आलो की आधी टाकीचा वास घेतो. मातकट असेल तर ठीक, कुजक्या अंड्याचा आला तर हवा कमी पडतेय. मग एक लिटरच्या उभ्या जारमध्ये टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास हलवायचं नाही. चांगला तपकिरी गाळ पुंजके धरून खाली बसतो. वर तेलकट फेस आला की बहुतेक कुठल्यातरी हॉटेलने मासे तळलेलं तेल सिंकमध्ये ओतलेलं असतं. आणि पावसाळ्यात तर लोक टेरेसचे पाइप सिवरेजमध्ये सोडतात, त्या लोंढ्याने वाढवलेला गाळच वाहून जायची पाळी येते, आणि नाव प्लांटचं खराब.

आता आमच्या बाजूचंही सांगतो. लाइट गेली, ब्लोअर बंद पडला तर पाणी बिघडतंच. आणि आंघोळीच्या पाण्याला बीओडी ३ च्या आत लागतो, म्हणजे आमचं १० वालं पाणीही नदीच्या स्वतःच्या पाण्यात मिसळून पातळ व्हावं लागतं. साळ लहान नदी, उन्हाळ्यात तिला स्वतःचं पाणी किती? त्यात भरतीचं पाणी बेतूलच्या मुखाकडून आत ढकलतं, घाण लवकर समुद्राला लागत नाही. काही वाड्यांवर लाइनच पोचलेली नाही, त्यांना मी बोलत नाही.

पण लाइन दारात असेल तर आधी स्वतःचं बघा. टॉयलेटमध्ये बादलीभर रंगाचं पाणी ओता आणि ते चेंबरमध्ये येतं का ते बघा. आलं नाही तर कनेक्शनचा अर्ज करा, कायद्यानेही ते घ्यावंच लागतं. खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांनी निदान त्याच आठवड्यात नव्या गाडीचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नयेत.