झोपेची गोळी सोडायची आहे, ॲक्युपंक्चरने खरंच झोप येते का? किती सिटिंग लागतात, खर्च किती? घरचे म्हणतात सगळे मनाचे खेळ आहेत, पैसे घालवू नकोस.

हो, उपयोग होतो. मला झाला. पण खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न नुसता सिटिंगचा आणि खर्चाचा असता तर मी वाचून पुढे गेले असते. ते शेवटचं वाक्य, "मनाचे खेळ", ते वाचलं आणि राहवलं नाही.

मी सोलापूरची, शाळेत विज्ञान शिकवते. पाळी जायच्या सुमाराला माझी झोप गेली. म्हणजे पडल्यावर डोळा लागायचा, पण अडीच-तीनला टक्क जाग यायची, मान घामाने ओली, आणि मग दूधवाल्याची बेल वाजेपर्यंत नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर. फॅमिली डॉक्टरांनी क्लोनाझेपाम दिली, थोडे दिवस घ्या म्हणाले, आणि ते थोडे दिवस पुढे किती लांबतात हे ज्यांच्या घरात ही गोळी आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. पहिल्या तासाला फळ्यासमोर उभं राहिलं की डोकं जड, रोजच्या मुलांची नावं तोंडात येऊन अडकायची. मला ती गोळी सोडायची होती, बाकी काही नको होतं.

माझा मोठा भाऊ पुण्यात असतो, सगळी नोकरी औषध कंपनीत झाली त्याची. भाऊबीजेला जेवताना मी बोलता बोलता सांगितलं की ॲक्युपंक्चर करून बघणार आहे, तर दादा ताटावरच सुरू झाला, विज्ञान शिकवतेस ना तू, सुया टोचून झोप येत असती तर कंपन्या कशाला संशोधन करत बसल्या असत्या वगैरे. ते ठीक आहे, त्याचं क्षेत्र आहे, बोलू दे. पण पुढे म्हणाला, "तुला झोपेचा आजारबिजार काही नाही, तू विचार फार करतेस." वहिनीने विषय बदलला म्हणून थांबलं. मला सुयांवरचं बोलणं लागलं नाही, हे लागलं. आठवड्यातून तीनेक रात्री झोप नाही आणि हे तीन महिने चाललंय, तर डॉक्टरी भाषेत तो आजार आहे, त्याला नाव आहे, त्याचे उपचार आहेत. उशीला डोकं टेकताच घोरायला लागणाऱ्या माणसांनी दुसऱ्याच्या जागरणावर मत देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तर पहिल्यांदा ज्या सेंटरला गेले (नाव घेत नाही) तिथे नाडी बघायच्या आधी पॅकेजचा कागद पुढे आला, सगळे पैसे आगाऊ, आणि वर सांगितलं की गोळी आजपासूनच बंद करा, सुया आणि गोळी एकत्र चालत नाही. मी तिथूनच उठून आले. हे नीट लक्षात ठेवा, जो कोणी तुम्हाला क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम असली गोळी एका दिवसात बंद करायला सांगेल त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नका. बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम तोडली की झोप पहिल्यापेक्षा जास्त उडते, जीव घाबरतो, हात थरथरतात, डोस मोठा असेल तर फिट येऊ शकते.

दुसऱ्या बाई भेटल्या त्या आमच्याच शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या ओळखीच्या. त्यांनी पहिला पाऊण तास फक्त विचारलं. जाग किती वाजता येते, तेव्हा काय करता, घड्याळ बघता का, दुपारी आडवं होता का, चहा शेवटचा कधी. जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली. मला आजवर कोणी हे एवढं विचारलंच नव्हतं. मग सुयांचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. इंजेक्शनच्या सुईशी तिचा काही संबंध नाही, ती पोकळ असते, ही भरीव आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला एक, आतल्या घोट्याच्या वर चार बोटं सोडून एक, माथ्यावर मधोमध, एक भुवयांच्या मधे. टोचताना मुंगी चावल्यासारखं, पण त्या सुई जराशी फिरवतात तेव्हा आतून एक जडपणा पसरतो, घोट्यापाशी तर तो पार पोटरीपर्यंत जायचा. मग ट्यूब बंद करून अर्धा तास पडून राहायचं, हलायचं नाही. ज्या दिवशी सुया घ्यायचे त्या रात्री तीनला जाग आली तरी पुन्हा डोळा लागायचा, हा फरक मला लवकर दिसला. रोजचा व्हायला मात्र वेळ लागला.

त्यांच्याकडे भिंतीवर आमच्या डॉ. कोटणीसांचा फोटो होता. सोलापुरात बऱ्याच जणांना वाटतं की कोटणीसांनी चीनमधून ॲक्युपंक्चर आणलं, दादालाही तसंच वाटतं आणि तो त्यावरूनही टोमणे मारतो. कोटणीस १९३८ ला वैद्यकीय पथकातून गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ ला तिथेच वारले, ते परत आलेच नाहीत तर आणणार काय. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५८-५९ च्या सुमाराला पुन्हा चीनला जाऊन हे शिकून आले, भारतात सुरुवात त्यांनी केली. असो, पण आमच्या माणसाचं नाव घेऊन बोलायचं तर नीट माहिती घेऊन बोलावं.

आता "मनाचे खेळ". दादाने मला २०१२ चा कॉक्रेनचा (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा पाठवला होता, बघ म्हणून. मी अख्खा वाचला. ३३ चाचण्या, दोन हजारांवर माणसं, आणि निष्कर्ष असा की चाचण्यांचा दर्जा इतका कच्चा आहे की उपयोग होतो असंही म्हणता येत नाही आणि होत नाही असंही म्हणता येत नाही. दादाने फक्त पहिलं अर्धं सांगितलं. नंतर २०१७ ला शांघायमधल्या एका चाचणीत ७२ जणांपैकी निम्म्यांना खऱ्या सुया आणि निम्म्यांना खोट्या, म्हणजे नुसत्या टेकवलेल्या, आठवड्यातून तीनदा असं चार आठवडे, तर खऱ्यावाल्यांची झोप जास्त सुधारली. चाचणी लहान आहे, मान्य. पण हे काहीच नाही असं म्हणून उडवून लावता येत नाही.

आणि आता जे माझ्या बाजूचं नाही तेही सांगते. २०१९ ला अमेरिकेत कॅन्सरमधून बाहेर आलेल्या १६० जणांवर अभ्यास झाला, निम्म्यांना ॲक्युपंक्चर, निम्म्यांना सीबीटी-आय, म्हणजे झोपेसाठीची वर्तन-उपचार पद्धत. त्रासाच्या २८ गुणांच्या मापावर सुयांनी ८.३ ने उतार पडला, सीबीटी-आयने १०.९ ने. दोन्हीने बरं वाटलं, पण दुसरीने जास्त. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेनेही २०१६ पासून जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय सीबीटी-आयच सांगितलाय, गोळी नंतर. त्यात काय असतं, तर उठायची वेळ एकच, रात्र कशीही जावो. दिवसा झोपायचं नाही. झोप आली तरच अंथरुणावर, वीसेक मिनिटं नुसतं तळमळत असाल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. आणि जेवढा वेळ खरी झोप लागते साधारण तेवढाच वेळ अंथरुणात, मग हळूहळू वाढवायचा. वही ठेवायची, रोज कधी झोपलो, कधी जाग आली ते लिहायला. आमच्या बाईंनी मला यातलं निम्मं पहिल्या दिवसापासून करायला लावलं होतं, बेडरूममधलं घड्याळ तर पहिल्याच आठवड्यात बाहेर गेलं.

यावर दादाचं उत्तर तयार, मग त्या वहीने झोप आली, सुयांनी नाही. माझं म्हणणं असं की साडेदहाला डोळे मिटत असतानाही बारापर्यंत बसून राहायचं, हे पहिले दोन-तीन आठवडे किती कठीण जातं हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, बहुतेक जण तिथेच सोडतात. सुयांच्या रात्री मला जी झोप मिळाली तिच्या जोरावर मी ते निभावलं. माझ्या डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, मग पाव, मग एकाआड एक, कित्येक महिने लागले, आणि ती सुटली. दादाला सुईचं श्रेय वहीला द्यायचं असेल तर देऊ दे, पण "तू विचार फार करतेस" या वाक्याने माझी एकही रात्र सुधारली नाही हे त्याने मान्य करावं, एवढंच मी दर दिवाळीला म्हणते. तुम्हीही घरच्यांना विचारा की मग तुमच्याकडे दुसरा उपाय काय आहे. उत्तर "मन गुंतव कशात तरी" असं आलं तर पुढे बोलू नका, सरळ अपॉइंटमेंट घ्या.

खर्चाचं गावागणिक वेगळं आहे, मी आकडा सांगून उपयोग नाही. एका वेळचे पैसे एका वेळी द्या. सिटिंगचं म्हणाल तर दहा-बारा झाल्यावर वही काढून बघा, काहीच हललं नसेल तर थांबा. महाराष्ट्रात २०१५ चा ॲक्युपंक्चरचा कायदा आहे, काउन्सिल आहे, नोंदणी आहे का हे बिनधास्त विचारा. सुई दरवेळी नवी हवी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, दिवस गेले असतील तर घोट्याची ती जागा टाळतात. आणि घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं कोणी म्हणत असेल, तर सुया नंतर, आधी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास बघणारी तपासणी. थायरॉइडही बघून घ्या.

तुम्ही गोळीचं नाव आणि किती दिवस घेताय ते लिहिलेलं नाही. ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना हे सगळं सुरू करायच्या आधी भेटा, कमी कशी करायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि तोच कागद सुयावाल्यांनाही दाखवा.