इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्यातील राजा-राण्यांच्या खासगी नात्यांचा त्यांच्या कारभारावर खरोखर किती परिणाम झाला?

परिणाम खोलवर झाला, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आठव्या हेन्रीच्या पहिल्या विवाहात दिसते. १५०९ मध्ये त्याने दिवंगत थोरल्या भावाची पत्नी, अ‍ॅरागॉनची कॅथरीन, हिच्याशी लग्न केले. पुढे वारस मुलगा न मिळाल्याने आणि दरबारातील अ‍ॅन बोलिन हिच्यावर मन जडल्याने त्याने तो विवाह रद्द करण्याची मागणी पोपकडे केली. परंतु कॅथरीन ही पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पाचव्या चार्ल्सची मावशी होती आणि १५२७ मध्ये त्याच्याच सैन्याने रोम लुटले होते, त्यामुळे पोपला होकार देणे अवघड झाले. अखेर १५३४ च्या कायद्याने हेन्री स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरला आणि काही वर्षांतच मठांच्या जमिनी राजसत्तेच्या ताब्यात गेल्या. हे केवळ प्रेमापोटी घडले, असे मला पटत नाही. वारसाची चिंताही तितकीच खरी होती.

हेन्री आणि कॅथरीनची मुलगी राणी मेरी हिने १५५४ मध्ये स्पेनच्या फिलिपशी विवाह केला, आणि त्याच्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात ओढल्या गेलेल्या इंग्लंडने १५५८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आपले कॅले हे बंदर गमावले. हेन्री आणि अ‍ॅनची मुलगी राणी एलिझाबेथ हिने मात्र, दरबारी रॉबर्ट डडलीवर जीव असूनही, लग्न केले नाही आणि विवाहाच्या वाटाघाटींचा परराष्ट्र धोरणातील साधन म्हणून अनेक वर्षे उपयोग केला.