कोरोनाकाळातला साधा कापडी मास्क संग्रहालयात ठेवण्याजोगा असतो का?

हो, नक्कीच. व्हिएन्नाच्या शहर संग्रहालयाने मार्च २०२० मध्येच लोकांना आवाहन केलं होतं: या काळाची आठवण देणाऱ्या वस्तूंचे आधी फोटो पाठवा. वस्तूंची निवड त्यातून व्हायची. साथ चालू असतानाच असा संग्रह करणं मला फार मोलाचं वाटतं, कारण रोजच्या वापरातल्या वस्तू सगळ्यात आधी कचऱ्यात जातात.

आपल्याकडे ८ एप्रिल २०२० ला मुंबईत सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा झाला. दुकानांत तुटवडा होता, म्हणून जुन्या साड्या, ओढण्या, बनियन कापून घरोघरी मास्क शिवले गेले. पुढे लग्नांत पैठणीचेही दिसले! कारखान्यातल्या मास्कपेक्षा हे घरगुती मास्क जास्त बोलके आहेत. टाके, नाड्या, कापड, सगळ्यांतून त्या घराची परिस्थिती कळते.

तुमच्याकडे असा मास्क असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, आम्लरहित (अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे कापड खराब न करणाऱ्या) कागदात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमटपणा कोंडतो. इलॅस्टिक काही वर्षांत चिकट किंवा ठिसूळ होतं, ते कापडाला टेकू देऊ नका. आणि कुणी, कधी, कशापासून शिवला हे चिठ्ठीवर लिहाच. त्या माहितीशिवाय संग्रहालयाच्या दृष्टीने तो नुसता कापडाचा तुकडा उरतो.