भाऊजींचा कॉलम आणि इंजिनिअरची सही

प्रश्न : मॅडम, सांगलवाडीत जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधतोय. खाली पार्किंग आणि सासूबाईंची खोली, वर आम्ही. फूटिंगचे, म्हणजे कॉलमच्या पायाचे, खड्डे काढून झालेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणजे मिस्टरांचे मावसभाऊच. ते म्हणतात, पार्किंगमधला मधला कॉलम दोन फूट मागं घेऊ, गाडी सुटसुटीत लागेल. आर्किटेक्टला विचारत बसलो तर आठवडा जाईल. सासूबाईंच्या खोलीत नकाशात दाखवलेलं प्लायवूडचं फर्निचरही नको म्हणतात. मिस्टरांचं म्हणणं, घरच्या माणसावर विश्वास ठेव. आर्किटेक्टही चांगले आहेत. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगलवाडी

उत्तर : ताई, आधी एक करा. कॉलम-बीमचा हिशेब करणारे तुमचे इंजिनिअर साईटवर येऊन जाईपर्यंत एकाही खड्ड्यात काँक्रीट पडू देऊ नका. मिक्सर आला असेल तर परत जाऊ दे.

दोन फूट ऐकायला किरकोळ वाटतं. समजा त्या कॉलमच्या एका बाजूला बीम १० फुटांचा होता, तो आता १२ फुटांचा होणार. बीमवरचं बेंडिंग, म्हणजे त्याला वाकवणारा जोर, लांबीच्या वर्गानं वाढतं, म्हणजे १०० चं १४४ होतं. वजन तेच, घर तेच आणि बीमवरचा ताण जवळजवळ दीडपट. त्या बीमच्या सळ्या १० फुटांच्या हिशेबानं काढलेल्या आहेत. शिवाय फूटिंग जागच्या जागी ठेवून कॉलम त्याच्या कडेला उभा केला, तर फूटिंग एका बाजूला जास्त दबणार. आपल्या नदीकाठच्या काळ्या मातीत हा धोका कुणी घेऊ नये.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९८ साली कुपवाड रोडला एका बंगल्याचं काम माझ्याकडं होतं. मालकांनी साईटवरून फोन केला, "मॅडम, जिन्याजवळचा कॉलम जरा सरकवला तर?" मी ऑफिसात, समोर दुसरंच ड्रॉइंग. मी "चालेल" म्हणाले. इंजिनिअरला कळवायचं राहून गेलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर हॉलच्या बीमला बरोबर मध्यात, खालून वर जाणारी चीर पडली. खालून लोखंडी गर्डर देऊन तो सावरावा लागला. आजही त्या रस्त्यानं गेले की त्या घराकडं नजर जातेच. चूक माझी होती आणि ती एका तोंडी शब्दानं झाली होती.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक साईटवर कार्बनची डुप्लिकेट वही असते. बदल कुणीही सुचवो, तो तारखेसह वहीत लिहायचा, खाली इंजिनिअरची सही. पांढरा कागद कॉन्ट्रॅक्टरला, पिवळा वहीत. व्हॉट्सॲपवर अंगठा आला म्हणजे मंजुरी झाली असं मी धरत नाही. मोबाईल बदलतात, कागद राहतो.

आता भाऊजींना कसं सांगायचं? नात्यात वाकडेपणा नको, हे मला कळतं. सरळ म्हणा, "भाऊजी, तुमची सूचना मला पटली, गाडी नीट लागायलाच हवी. इंजिनिअरांची सही आणा, लगेच करू." यात त्यांचा मान जात नाही. दोन फूट मागं न घेताही वाट निघू शकते. कॉलम ९ बाय १८ इंची असेल आणि त्याची रुंद बाजू गाडीच्या आड येत असेल, तर मध्य तोच ठेवून तो फिरवला की प्रत्येक बाजूला साडेचार इंच मिळतात. फाटक सरकवूनही बऱ्याचदा काम भागतं. पण फिरवायचा की नाही हेसुद्धा इंजिनिअरच ठरवणार, कारण भूकंपात घर कोणत्या बाजूला किती तग धरेल ते त्यावरच ठरतं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगरला काय झालं हे आपल्याकडच्या थोरल्यांना विचारा.

म्हणजे सळई, कॉलम, बीम, पाया यांत शब्द इंजिनिअरचा. खोली कुठं, खिडकी कुठं, उजेड कसा, यात तुमचा आणि तुमच्या आर्किटेक्टचा. आणि या गावात काय टिकतं, काय सडतं, यात भाऊजींचं जरूर ऐका.

कारण प्लायवूडच्या बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. आर्किटेक्ट चांगले असतीलच, पण त्यांनी इथला चिखल उपसलेला दिसत नाही. माझ्या वडिलांचं घर गावभागात. स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्यांनी पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्यात, एक २००५ ची आणि तिच्या वर २०१९ ची. वरची माझ्या खांद्याला लागते. २०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर प्लायवूडची कपाटं पापडासारखी फुगून सुटी झाली होती. आईच्या कडप्प्याच्या फडताळांवरून मात्र आम्ही खराट्यानं गाळ काढला, पाणी मारलं आणि चौथ्या दिवशी डबे परत मांडले.

तेव्हा सासूबाईंच्या खोलीत कडप्प्याची किंवा कोटा फरशीची फडताळं घाला, लाकूड हवंच तर सुटं, उचलून वर नेता येईल असं. वायरिंग छतातून खाली उतरवा, जमिनीतून वर आणू नका. मीटर आणि मुख्य बोर्ड वरच्या मजल्यावर नेता येतो का ते वीज कंपनीला विचारा. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर नदी दारातून यायच्या आधी संडासातून येते. आणि परवानगीच्या नकाशावर तुमचा प्लॉट निळ्या पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते स्वतः बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. दोन्हींच्या मधे असाल तर जोत्याच्या उंचीची अट असते. ती खर्च वाचवायला कमी करू नका.

एका गोष्टीवर मात्र भाऊजींवरही नजर ठेवा. खड्ड्यातून निघालेली काळी माती जोत्यात भरायला सगळ्यांनाच सोपी वाटते, ट्रॉलीचं भाडं वाचतं. ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. दोन वर्षांत फरशी हलायला लागते. मुरूमच भरायचा, अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस.

प्रश्न : स्लॅब टाकून सात दिवस झाले. खोल्या १४ फुटी. सेंट्रिंगवाला प्लेटा मागतोय, दुसऱ्या साईटला न्यायच्यात म्हणतो. काढू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नको. १४ फुटांपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात हे खरं, पण ते ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटला. तुमच्या पोत्यावर पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) लिहिलेलं असेल, आणि बहुधा असेलच, तर ताकद सावकाश येते. स्लॅबला १४ दिवस द्या. बीमखालचे टेकू ओपीसीलाही १४ दिवसांआधी निघत नाहीत. तुमच्याकडं ते २१ दिवस राहू द्या. तोवर गच्चीवर सिमेंटची आळी करून पाणी उभं ठेवा आणि संध्याकाळी कुणीतरी वर जाऊन आळी कोरडी पडली नाही ना, हे बघा.